मडकईची मानस आणि दोन थेंब अँटिबॉडी

मागच्या जत्रेला गोव्यात, मडकईला मामाकडे गेले होते. जेवण झाल्यावर सोप्यावर बसून मामा माझ्या फोनमधले फोटो बघत होता. देऊळ, भावंडं, पालखी यांच्यामध्येच आमच्या प्रयोगशाळेतली एक कुपी निघाली. करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी आणि तळाशी पाण्यासारखं काहीतरी, जेमतेम दोन-तीन थेंब. मामाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "बाय, हातूंत कितें आसा?" म्हणजे, यात काय आहे?

मी म्हटलं, अँटिबॉडी. शंभर मायक्रोलीटर. किंमतही सांगून टाकली, चाळीस हजार. मामा क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "एवढ्यात आमच्या बांधाची एका बाजूची डागडुजी झाली असती."

त्या रात्री त्याला जे सांगितलं ते अर्धवट राहिलं, कारण तेवढ्यात देवळात जायची घाई झाली. आज नीट सांगते, आणि सुरुवात त्याच्याच शेतापासून करते.

मामाचं शेत खाजनातलं. खाजन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एका अंगाला भरती-ओहोटीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला पाण्याच्या पातळीपेक्षाही खाली असलेली कोरगुट भाताची शेतं, मध्ये मातीचा बांध आणि बांधात एके ठिकाणी मानस. मानशीच्या लाकडी दारांना ना कुलूप ना मोटर. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने ती लागतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. दार नको तेव्हा उघडं राहिलं तर शेत खारावतं, आणि मग दोन-तीन वर्षं त्या मातीत भात नीट धरत नाही. खाजनात वाढलेल्या माणसाला दाराचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

पेशीतही असंच एक दार आहे. पेशीतली प्रोटीनं कायमची नसतात. डोळ्याच्या भिंगातली काही जन्मभर टिकतात, पण तो अपवाद. बाकीची कुणी काही मिनिटांत, कुणी काही दिवसांत मोडली जातात आणि त्यांचा माल नवी प्रोटीनं बांधायला वापरला जातो. हे मोडण्याचं बरंचसं काम प्रोटिअसोम नावाचं यंत्र करतं. दिसायला पिंपासारखं. सात-सात तुकड्यांच्या चार कड्या एकमेकींवर रचलेल्या, म्हणजे एकूण २८ तुकडे. कापणाऱ्या जागा मधल्या दोन कड्यांच्या आतल्या अंगाला, एकेका कडीत तीन. टोकाच्या कड्यांचं तोंड बंद असतं, कारण त्या कडीतल्याच प्रोटीनांच्या शेपट्या मध्यभागी एकमेकींत गुंतून बसलेल्या असतात. आदोळीचं, म्हणजे विळीचं, पातं उघडं टाकून घरात रांगतं मूल सोडत नाहीत, तसाच हा बंदोबस्त. पाती आत, तोंड बंद, नाहीतर दिसेल ते प्रोटीन कापलं जाईल.

मग उघडतं कसं? इथे मानशीची उपमा संपते. पाण्याच्या नुसत्या रेट्याने हे दार हलत नाही, त्यावर दुसरं कुणीतरी येऊन बसावं लागतं. या बसणाऱ्यांना नियामक म्हणतात. त्यातला सगळ्यांत नावाजलेला १९एस. मोडायच्या प्रोटीनवर आधी युबिक्विटिन नावाच्या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रोटीनची माळ चढते. १९एस ती माळ ओळखतो, ऊर्जा खर्चून प्रोटीनची घडी उलगडतो आणि आत ढकलतो. युबिक्विटिनचा हा मार्ग शोधल्याबद्दल एरन चिखानोव्हर, अव्राम हर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकं साधारण इथे थांबतात.

माझी कुपी दुसऱ्याच एका नियामकासाठी आहे. त्याचं नाव पीए-२८. हा माळही बघत नाही आणि ऊर्जाही खर्चत नाही. सात जणांची कडी करून पिंपाच्या तोंडावर टोपीसारखा बसतो आणि त्या गुंतलेल्या शेपट्या बाजूला सारतो. घडी उलगडायची ताकद त्याच्यात नाही, त्यामुळे आधीच सैल असलेली प्रोटीनं आणि छोटे तुकडेच त्या वाटेने आत जातात.

पीए-२८ ही तीन भावंडं आहेत: अल्फा, बीटा आणि गॅमा. अल्फा आणि बीटा मिळून एक कडी करतात. ती मुख्यतः केंद्रकाबाहेर काम करते, आणि विषाणू घुसल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर जे तुकडे पुरावा म्हणून मांडले जातात ते तयार करायला हातभार लावते. गॅमाचं सगळं वेगळं. तो एकट्याच्याच सात प्रतींची कडी करतो आणि राहतो केंद्रकात. पी-२१ नावाचं एक प्रोटीन पेशीच्या विभाजनाला लगाम घालतं, गॅमा ते प्रोटिअसोमकडून मोडून घेतो. गॅमाचं जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात, पण अंगाने लहान राहतात. काही प्रकारच्या कर्करोगांच्या गाठींत गॅमा नेहमीपेक्षा जास्त आढळतो. लगामच मोडणारा वाढला, तर गाडी कुठे जाईल हे बघायला हवं, म्हणून आमच्यासारखे लोक त्याच्या मागे आहेत.

मागे लागायचं म्हणजे आधी तो दिसायला हवा. पेशीत हजारो प्रकारची प्रोटीनं आहेत, त्यांतलं नेमकं एक कसं दाखवणार? त्यासाठी अँटिबॉडी.

अँटिबॉडी हेही एक प्रोटीनच, इंग्रजी वाय अक्षरासारखं. वरच्या दोन हातांची टोकं एका ठरावीक आकाराला धरतात. पकडायची जागा फार मोठी नसते, कधी कधी सहा-आठ अमिनो आम्लांचाच पट्टा. गोव्यात सर्पदंशाच्या रुग्णाला जी "लस" देतात ती खरं तर लस नव्हेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्यांना थोडंथोडं टोचतात, घोड्यांच्या रक्तात त्या विषांविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, आणि त्या काढून, स्वच्छ करून आपल्याला देतात. हे मामाला लगेच कळलं. खाजनाच्या बांधावरून रात्री चालणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही.

माझ्या कुपीतला माल घोड्याचा नाही, सशाचा. ज्या प्रोटीनची अँटिबॉडी हवी त्याचा एखादा छोटा तुकडा कृत्रिमरीत्या बनवतात. एवढ्याशा तुकड्याकडे सशाचं शरीर ढुंकूनही बघत नाही, म्हणून तो एखाद्या मोठ्या परक्या प्रोटीनला जोडतात. त्यासाठी सर्रास वापरतात ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या सागरी गोगलगाईच्या रक्तातलं प्रोटीन. त्यात लोहाच्या जागी तांबं असतं, म्हणून ते रक्त निळं. (इथे मामाने विचारलं, ती खातात का. गोवेकराचा प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही.)

सशाच्या रक्तात एकाच तुकड्याविरुद्ध अनेक प्रकारच्या अँटिबॉडी बनतात. कुणी तुकड्याचं हे टोक धरते, कुणी ते, कुणाची पकड घट्ट, कुणाची ढिली. या मिश्रणाला पॉलिक्लोनल म्हणतात. एकाच पेशीच्या वंशातली, सगळी एकसारखी अँटिबॉडी हवी असेल तर मोनोक्लोनल. ती युक्ती १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी शोधली: अँटिबॉडी बनवणारी उंदराची पेशी मायलोमा या कर्करोगाच्या पेशीशी जोडून टाकायची. पहिली अँटिबॉडी बनवते, दुसरी मरायचं नाव घेत नाही. दोघांना १९८४ चं नोबेल मिळालं. योगायोग असा की माणसातल्या मायलोमावर २००३ पासून वापरात आलेलं बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिअसोमचंच पातं अडवतं. या पेशी इतकं प्रोटीन तयार करतात की मोडीचं काम थांबलं तर त्या तग धरू शकत नाहीत.

आणि पीए-२८ गॅमाची पहिली अँटिबॉडी? ती सशातही बनली नाही आणि उंदरातही नाही. ती माणसांच्या रक्तात सापडली. ल्यूपस नावाचा एक आजार असतो, त्यात शरीर आपल्याच घटकांवर अँटिबॉडी सोडतं. १९८१ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांना काही ल्यूपस रुग्णांच्या रक्तात एक अँटिबॉडी दिसली. ती केंद्रकातलं काहीतरी धरत होती. काय धरते हे माहीत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात वस्तूला "की" एवढंच नाव दिलं. १९९० मध्ये त्याचं जनुक हाती आलं, तरी काम कळेना. दुसरीकडे १९९२ मध्ये अमेरिकेतले दोन गट प्रोटिअसोमचं काम वाढवणारा घटक शोधत होते, त्यांना पीए-२८ मिळाला. १९९४ मध्ये अल्फाची अमिनो आम्लांची रांग वाचली तेव्हा ती "की"च्या रांगेशी जुळताना दिसली. "की" म्हणजे तिसरं भावंड, गॅमा. साक्षीदार १९८१ लाच बोलायला लागला होता, तो कुणाबद्दल बोलतोय हे कळायला १३ वर्षं गेली.

ही गोष्ट मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते, कारण आम्ही रोज नेमकं उलटं करतो. कुपीवर नाव छापलेलं असतं, आणि आम्ही धरून चालतो की आतली अँटिबॉडी त्याच नावाच्या प्रोटीनला धरते.

आता प्रत्यक्ष काम. याला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. नावामागे कुठलीही पश्चिम दिशा नाही. एडविन सदर्न नावाच्या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये डीएनएसाठी अशी पद्धत काढली, ती सदर्न ब्लॉट. मग आरएनएसाठीच्या पद्धतीला कुणी गमतीने नॉर्दर्न म्हटलं, आणि प्रोटीनच्या वाट्याला वेस्टर्न आलं.

पेशी फोडून त्यांचा रस काढायचा, साबणासारख्या रसायनात घालून तापवायचा, म्हणजे प्रोटीनांच्या घड्या सुटून सगळी सरळ होतात. मग तो जेलच्या, म्हणजे घट्ट जेलीसारख्या पातळ थराच्या, खाचांत भरायचा आणि वीज लावायची. लहान प्रोटीनं भराभर खाली सरकतात, मोठी वर रेंगाळतात. शेजारच्या खाचेत रंगीत मोजपट्टी पळत असते, तिच्यावरून वजन कळतं. हे सगळं मग जेलमधून एका पातळ पांढऱ्या पडद्यावर उतरवतात, आम्ही त्याला मेम्ब्रेन म्हणतो. मेम्ब्रेनला प्रोटीनची भारी ओढ, समोर येईल ते चिकटवून घेतो. महागडी अँटिबॉडी तशीच ओतली तर सगळीकडे चिकटून बसेल. म्हणून मोकळ्या जागा आधी दुधाने भरून टाकतात. साधी साय काढलेल्या दुधाची पावडर, पाच टक्के.

एकदा दुधाची पावडर संपली आणि आमच्याकडच्या एका नव्या मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानातून चहात घालायची पावडर आणली. साखर आणि स्निग्धांश घातलेली. दुसऱ्या दिवशी मेम्ब्रेन पावसाळ्यातल्या भिंतीसारखा, सगळा काळपट ढगाळ. दोष पावडरचाच होता की त्याने घाईत कमी धुतलं, यावर आमच्यात अजून वाद आहे. तेव्हापासून दुधाच्या डब्यावर मार्करने "चहासाठी नाही" असं लिहिलेलं आहे.

दुधानंतर अँटिबॉडी. एक भाग अँटिबॉडीला हजार भाग द्राव, म्हणजे पाच मिलिलीटरमध्ये पाच मायक्रोलीटर. शंभरच्या कुपीत वीस वेळा. मामाने तिथल्या तिथे भागाकार केला: एका वेळचे दोन हजार. मेम्ब्रेन रात्रभर थंडीत डुलत ठेवायचा, सकाळी धुवायचा, आणि मग दुसरी अँटिबॉडी घालायची. ही शेळीत बनवलेली असते आणि सशाच्या कुठल्याही अँटिबॉडीला धरते. तिच्या पाठीवर मोहरीच्या कुळातल्या एका तिखट मुळातून काढलेलं एन्झाइम असतं. त्यावर योग्य रसायन टाकलं की अंधारात मंद उजेड पडतो. कॅमेरा तो टिपतो आणि पडद्यावर काळी आडवी रेघ उमटते. तो बँड. गॅमाचा बँड तीस किलोडाल्टनच्या (हे प्रोटीनचं वजन सांगायचं माप) आसपास यायला हवा.

येतोही. बहुतेक वेळा तिथेच सगळे खूश होऊन थांबतात, आणि माझं भांडण तिथेच सुरू होतं.

कारण अल्फा साधारण २९ किलोडाल्टन, बीटा २७, गॅमा २९ ते ३०. तिन्ही भावंडं एकाच उंचीची आणि चेहऱ्याने सारखी. अल्फा आणि गॅमाच्या रांगेतली बरीच अमिनो आम्लं तंतोतंत तीच आहेत. अँटिबॉडीने त्या सामाईक भागाला धरलं तर बँड योग्य जागी येईल, ठळक येईल, आणि चुकीच्या भावाचा असेल. वजनावरून हे ओळखता येत नाही. इतर प्रोटीनांच्या बाबतीत निदान चुकीचा बँड चुकीच्या उंचीवर येतो आणि चोर पकडला जातो.

म्हणून कुपी घ्यायच्या आधी मी पहिलं बघते ते सशाला कोणता तुकडा टोचला होता ते. तिन्ही भावंडांच्या रांगेत एक पट्टा असा आहे की तो प्रत्येकाचा स्वतःचा आहे. अल्फाच्या त्या पट्ट्यात लायसिन आणि ग्लुटामेट या दोन अमिनो आम्लांची नुसती गर्दी. अँटिबॉडी अशा पट्ट्याविरुद्ध बनवलेली असेल तर भाऊ बदलायची शक्यता खूप कमी. विक्रेता तुकडा कोणता ते सांगायला तयार नसेल तर मी ती कुपी घेत नाही. यावर कुणी मला हट्टी म्हणतं, म्हणू दे.

दुसरी परीक्षा स्वस्त आणि मला फार आवडणारी. पेशींना इंटरफेरॉन-गॅमा द्यायचा. (या गॅमाचा आणि आपल्या गॅमाचा काही संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांनी ग्रीक मुळाक्षरांत काटकसर केली आहे.) शरीरात विषाणू आल्याची ही आरोळी. ती ऐकली की पेशी अल्फा आणि बीटा वाढवतात, गॅमा मात्र वाढत नाही. म्हणजे इंटरफेरॉन दिल्यावर तुमचा "गॅमा"चा बँड जाड झाला, तर तुमची अँटिबॉडी त्याच्या भावांना धरते आहे असं समजा. पेशींनीच घातलेला सापळा.

तिसरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली. अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून पेशी बघायच्या. गॅमा केंद्रकातला, तेव्हा चमक गोल केंद्रकातच दिसायला हवी. सगळी पेशी उजळली तर शंका घ्या. पण इथे एक खोच आहे. ब्लॉटमध्ये प्रोटीन सरळ केलेलं असतं, पेशीत ते घडी घातलेलं. एका ठिकाणी पास झालेली अँटिबॉडी दुसऱ्या ठिकाणी नापास होऊ शकते, आणि त्यात तिची चूक नसते. पकडायची जागा घडीत लपली तर ती काय करणार?

आणि सर्वांत कडक परीक्षा म्हणजे ज्या पेशींतून गॅमाचं जनुकच काढून टाकलं आहे त्यांचा रस. इथे बँड येता कामा नये. आला, तर कुपी कितीही महाग असो, ती काही वेगळंच दाखवते आहे. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी तपासायचे पाच मार्ग सुचवले, त्यांतला हा पहिल्या मानाचा. मोकळी पट्टी हा आमच्यासाठी सगळ्यांत बोलका पुरावा. गंमत म्हणजे शोधनिबंधात छापायला लोकांना ठळक बँड हवे असतात, रिकामी जागा कुणाला नको असते.

जाता जाता साठवणीचं, कारण गोव्यात हा विषय टाळून चालत नाही. कुपी उणे वीस अंशांवर ठेवायची. पुन्हा पुन्हा गोठवलं आणि वितळवलं की अँटिबॉडी एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि पकड जाते. म्हणून आल्या दिवशीच दहा-दहा मायक्रोलीटरचे वाटे करून ठेवतात. घरासारखा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर तर अजिबात नको, कारण बर्फ वितळवण्यासाठी तो अधूनमधून स्वतःच गरम होतो. हे आम्हाला एका जूनमध्ये कळलं. पहिल्या पावसाबरोबर वीज चार वेळा गेली, आणि जुन्या कुपीतला बँड महिन्याभरात निम्म्यावर आला. फोटोतली चाळीस हजारांची कुपी म्हणजे त्या पावसाचं बिल.

मामाने निघताना विचारलं होतं, मग हे टोचून कर्करोग बरा होतो का. नाही. कुपीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी. ही अँटिबॉडी बरं करत नाही, फक्त बोट दाखवते. बोट बरोबर माणसाकडे आहे ना, एवढं आम्ही बघायचं.

नव्या कुपीची परीक्षा गेल्या आठवड्यात घेतली. डावीकडे साध्या पेशी, मध्ये इंटरफेरॉन दिलेल्या, उजवीकडे गॅमा काढून टाकलेल्या. डाव्या दोन पट्ट्यांत तीसच्या जागी बँड, दोन्ही सारख्याच जाडीचे. उजव्या पट्टीत त्या उंचीवर कोरा पांढरा मेम्ब्रेन. ॲक्टिन या सगळ्याच पेशींत असणाऱ्या प्रोटीनचा बँड मात्र तिन्हींत होता, म्हणजे रस भरायला विसरलो नव्हतो. उजव्या पट्टीभोवती लाल गोल काढून फोटो मामाला पाठवला.

दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं: "हातूंत कांयच ना."